बोरघाटाचा माल आणि आपलं भात



भात झोडून खळ्यावर आलं, की आपल्या रेडिओ कार्यक्रमाकडे दरसाल एक प्रश्न हमखास येतो. "आमचं भात व्यापारी एका भावानं नेतो आणि तोच तांदूळ कल्याणच्या दुकानात भलत्याच भावानं दिसतो. मधले पैसे जातात कुठं?" कुणी म्हणतो दलाल खातो, कुणी म्हणतो गिरणीवाला खातो. दोन्ही थोडं थोडं खरं आहे. पण तेवढ्यानं हिशेब पुरा होत नाही.

आधी साधी गोष्ट घ्या. भात म्हणजे तांदूळ नव्हे. सरकारी भरडाईत १०० किलो भाताला ६७ किलो तांदूळ, असा उतारा धरतात. बाकीचं तूस, कोंडा आणि घट. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण प्रतीच्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरली. ती ६७ किलोवर वाटली, तर अजून पोतं हललेलंही नसताना तांदूळ किलोला ३५ रुपयांच्या वर पडतो. म्हणजे फरकातला काही भाग भरडाईतच गेला. कोंडा-तुसाचेही पैसे होतात, पण ते गिरणीत होतात, आपल्या खळ्यावर होत नाहीत. उरलेला फरक वाटेत पडतो. त्या वाटेलाच हल्ली शहरात 'पुरवठा साखळी' असं भारदस्त नाव आहे. शेतापासून ताटापर्यंत माल ज्या ज्या हातांतून, गाड्यांतून आणि गोदामांतून जातो, त्या सगळ्या कड्या मिळून ही साखळी होते.

ही गोष्ट समजून घ्यायला कर्जत-खालापूरच्या माणसाला पुस्तकाची गरज पडू नये. बोरघाट आपल्या उशाशी आहे. गेली दोनशे वर्षं देशावरचा माल मुंबईला कसा गेला आणि वाटेत कुणाचं घर भरलं, हे याच घाटात घडलं आहे.

बैलाच्या पाठीवरचा काळ

पेशवाईत आणि त्यानंतरही काही वर्षं घाटावरचा बराचसा माल बैलांच्या पाठीवरून खाली येई. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे गोणी लादून घाट उतरत. खाली येताना धान्य, गूळ, तेल, कापूस. वर जाताना मीठ. पेण-पनवेल-उरणकडचं मीठ सगळ्या देशावर लागे. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी या तांड्यांच्या गोष्टी त्यांच्या आज्याकडून ऐकलेल्या असत.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तांडा रिकामा परत जात नव्हता. बैलाला वैरण जाताना लागते तशी येतानाही लागते. परतीचा माल मिळाला नाही, तर जाण्या-येण्याचा सगळा खर्च एकाच खेपेच्या धान्यावर बसतो आणि ते तितकं महाग पडतं. वंजाऱ्यानं हा हिशेब कुठल्या शाळेत शिकला नव्हता, पण दोनशे कोस चालताना तो चुकवणं त्याला परवडणारं नव्हतं. आज आपण कल्याणला भाजीचा टेंपो पाठवतो आणि तो मोकळा परत येतो. भाडं मात्र दोन्ही बाजूंचं आपणच भरतो. त्याच टेंपोत येताना गावातल्या चार जणांचं खत, पेंड, सिमेंट यावं म्हणून आधी विचारणारे शेतकरी फार थोडे दिसतात.

घाट उतरला की तांड्याला पाणी आणि विसावा हवा. खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेला मोठा तलाव आणि महादेवाचं देऊळ अजून आहे. पर्यटक तिथं फोटो काढतात. मला तो तलाव पाहिला की शेकडो तहानलेली गुरं दिसतात. साखळी म्हटलं की आपल्याला गाडी आणि रस्ता आठवतो, पण वाटेवरचं पाणी, वैरण आणि रात्रीचा निवारा याही तिच्या कड्याच होत्या. त्यातली एक जरी नसली, तरी पुढचा माल अडला.

खोपोलीहून पुढं पनवेल. तिथं माल पडाव-मचव्यांत चढे आणि खाडीतून मुंबईला जाई. पण भरती असेल तरच होडी निघणार. ती नसली, तर गोणी बंदरावर पडून. पडलेल्या मालाला जागा लागते, राखण लागते, पाऊस आला तर झाकण लागतं, आणि मालकाला पैशाची निकड असेल तर तिथंच कमी भावात विकत घेणारा माणूसही तयार असतो. पनवेलची पेठ वाढली त्यात या थांबण्याचा मोठा वाटा होता. माल पळत असताना कुणाला फारसं काही मिळत नाही. तो थांबला की भोवती धंदा उभा राहतो.

१८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. पाठीवरच्या गोणीच्या जागी बैलगाडी आली. एका जोडीनं कितीतरी पट माल ओढला आणि दर गोणीमागचा खर्च उतरला. पनवेलमध्ये गाड्यांची चाकं बनवण्याचा मोठा धंदा चालला. तिथली चाकं देशावर दूरदूर जात. रस्ता झाला कापसासाठी आणि धंदा मिळाला सुताराला. असं नेहमी होतं. पण पावसाळ्याचे चार महिने ही वाट कठीणच राहिली.

आठ वेळा चढ-उतार

१६ एप्रिल १८५३ ला मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. १८५४ मध्ये ती कल्याणला आणि १८५६ मध्ये आपल्या भागातून, पळसदरीवरून, खोपोलीपर्यंत आली. वरच्या अंगाला १८५८ मध्ये पुणे-खंडाळा गाडी धावू लागली. म्हणजे वर रेल्वे, खाली रेल्वे आणि मध्ये सह्याद्री.

१८५८ ते १८६३ ही पाच वर्षं फार शिकवणारी आहेत. त्या काळात पुण्यापलीकडच्या एखाद्या गावच्या गोणीचा प्रवास बोटांवर मोजून पाहा. घराशी गाडीत चढवली, स्टेशनात उतरवली, डब्यात चढवली. खंडाळ्याला उतरवली, बैलगाडीत चढवली, घाट उतरून खोपोलीला पुन्हा उतरवली, पुन्हा डब्यात चढवली आणि मुंबईला उतरवली. आठ वेळा चढ-उतार! दर वेळी हमाली, दर वेळी गोणीला हूक लागून सांडणारे दाणे, दर वेळी मोजणी आणि मोजणीतला वाद. शिवाय खंडाळ्याला गाड्या कमी आणि माल जास्त झाला, की गोणी तिथंच पडून. आगगाडी कितीही जोरात धावली, तरी घाटात बैल जितके चालतील तितकाच माल दिवसाला मुंबईत पोचणार. पाटाचं पाणी जसं सगळ्यात अरुंद मोरीएवढंच पुढं जातं, तसंच हे. मोरीच्या आधी पाट कितीही रुंद करा, शेवटच्या खाचरात पाणी वाढत नाही.

हा सांधा तोडण्यासाठी रेल्वे कंपनीनं घाटातून लोहमार्ग चढवायला घेतला. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले. काम १८५६ च्या सुमारास सुरू झालं. वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची कथा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे आणि घाटातल्या त्याच्या देवळापाशी गाडीवाले आजही हात जोडतात. पहिल्या ठेकेदाराशी जमेना. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचा दुसरा ठेकेदार आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. त्याची बायको अॅलिस, परक्या मुलखातली विधवा, हिनं ठेका सोडला नाही. जाणकार माणसं कामावर ठेवून तो पुरा करवून घेतला. १८६१ मध्ये एका वेळी बेचाळीस हजारांवर माणसं घाटात राबत होती. पटकीनं आणि सुरुंगांनी किती मेली, त्याची मोजदाद नीट ठेवली गेली नाही. एवढ्या माणसांना रोज धान्य, मीठ आणि पिण्याचं पाणी पुरवणं हीच केवढी साखळी झाली!

पंचवीस बोगदे खोदून १८६३ मध्ये घाटाची रेल्वे सुरू झाली. आठातली चार चढ-उतारं एका दिवसात गेली.

आता पाहा काय झालं. खोपोली, जिथं पाच वर्षं सगळा माल थांबत होता, ती मुख्य वाटेवरून बाजूला पडली. पळसदरीहून गाडी सरळ वर चढू लागली आणि खोपोली फाट्याचं शेवटचं स्टेशन झालं. पनवेल बंदराचा घाटावरचा व्यापारही रेल्वेनं ओढून नेला. उलट कर्जतला गाडीला थांबावंच लागलं, कारण घाट चढायला मागून ढकलणारी जादा इंजिनं तिथं जोडतात. ती आजही जोडतात. तेवढ्या पाच-दहा मिनिटांत कर्जतचा बटाटेवडा विकला जातो आणि त्याचं नाव महाराष्ट्रभर झालं आहे. इंजिन जोडायला गाडी बदलापूरला थांबली असती, तर आज आपण बदलापूरचा वडा म्हटलं असतं!

अमेरिकेतली लढाई आणि सुप्याचा बाजार

घाटाची रेल्वे झाली तीही एका चमत्कारिक वेळी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांतून इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस जाई. उत्तरेच्या आरमारानं ती बंदरं अडवली. गिरण्यांना कापूस हवाच होता, तेव्हा त्यांनी मुंबईकडे पाहिलं. मुंबईत भाव कितीतरी पट चढले. पैशाची ओढ लिव्हरपूलहून मुंबईच्या पेढीवर, पेढीवरून पेठेच्या अडत्यावर, तिथून गावच्या सावकारावर आली. सावकार सढळ हातानं कर्ज देऊ लागला, कारण पिकाला गिऱ्हाईक होतं.

१८६५ मध्ये लढाई संपली. मुंबईचे शेअर कोसळले, पेढ्या बुडाल्या. सावकारानं हात आखडला, जुनी येणी मागायला लागला, आणि १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. सुप्याच्या दंग्याला केवळ कापूस कारण नव्हता. सारावाढ होती, कोर्टकचेऱ्या होत्या. पण अमेरिकेतलं एक बंदर अडलं किंवा उघडलं, तर त्याचा ताण साखळीतून ओढत ओढत भीमाकाठच्या कुणब्याच्या दारापर्यंत येतो, हे तिथं पहिल्यांदा ठळक दिसलं.

माल शेतातून पेठेकडे जातो आणि पैसा उलटा येतो. तिसरी वस्तूही या वाटेनं चालते, ती म्हणजे बातमी. ती ज्याला आधी कळते तो आधी भाव ठरवतो. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेनं इंग्लंडशी जोडली गेली; मुंबईच्या व्यापाऱ्याला परदेशचा भाव लवकर कळू लागला, पण गावच्या शेतकऱ्याला तो बाजाराच्या दिवशी, तोही घेणाऱ्याच्याच तोंडून कळे. रेडिओवर बाजारभाव वाचले जाऊ लागले ते याचसाठी. आता मोबाईल आहे. पण खळ्यावर काटा लावण्याआधी त्या दिवशीचा भाव पाहणारे किती, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाशी मोजावं.

रंगूनचा तांदूळ आणि लेव्हीचं भात

कापसाची गोष्ट देशावरची झाली. आपल्या भाताची गोष्ट १९४२ ची. त्या काळी मुंबई बऱ्याच प्रमाणात ब्रह्मदेशाच्या तांदळावर जगत होती. बोटीनं येणारा तांदूळ स्वस्त, भरपूर, आणि शहराला वाटे की तो असाच येत राहणार. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि ती वाट बंद झाली. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग आलं.

शहराच्या भाकरीला एकच कडी होती आणि ती तुटली. मग सरकारची नजर जवळच्या कुलाबा-ठाण्याच्या खाचरांकडे वळली. 'लेव्ही' हा शब्द आपल्या भागात तेव्हापासून रुजला. किती पिकलं, घरी खायला किती ठेवायचं, सरकारात किती भरायचं, हे ठरवून भात घेतलं जाई. लेव्ही आठवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तिच्याबद्दल कधी गोड शब्द आला नाही, आणि ते साहजिक आहे. तरी त्यातूनच पुढची सरकारी खरेदी, गोदामं, रेशन दुकानं ही यंत्रणा उभी राहिली. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालं.

एका वाटेवर सगळा भार टाकू नये, हे आपल्या घरच्या बायकांना सरकारच्या आधीपासून ठाऊक आहे. आगोटीची बेगमी म्हणजे दुसरं काय? मृग लागण्याआधी मीठ, मिरची, सुकी मासळी, डाळ, सरपण भरून ठेवायचं, कारण पावसात ओढा उतरेलच याचा भरवसा नाही. कणगीतलं भात म्हणजेही तेच. गोदाम ही मोठी कणगी आहे, एवढाच फरक.

जुना घाट पाहायचा असेल तर

१८६० चा घाट कसा होता, हे पाहायला नेरळहून माथेरानला जा. १९०७ मध्ये तिथं छोटी रेल्वे गेली, पण गावात मोटारीला बंदी आहे. दस्तुरी नाक्याला टेंपो थांबतो, माल उतरतो आणि पुढं घोड्याच्या पाठीवर नाहीतर हातगाडीवर चढतो. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन पायवाटेनं डोंगर चढणाऱ्या ठाकर-कातकरी बायाही आपण पाहिल्या आहेत. खालच्या नेरळात आणि वरच्या माथेरानात तीच जुडी वेगळ्या भावानं का विकते, याचं उत्तर दस्तुरीवर अर्धा तास उभं राहिलं तरी मिळतं. तिथं कुणी लबाडी करत नाही. सांधा आहे म्हणून खर्च आहे.

याच्या उलट २००२ चा द्रुतगती मार्ग. नारायणगावचा टोमॅटो आणि घाटावरची भाजी खालापूरवरून रात्रीत वाशीला उतरते. मुंबईचा घाऊक भाजीबाजार १९९६ पासून वाशीला आहे. माल आपल्या अंगणातून जातो, पण त्या साखळीत आपण नाही. आपण तर त्यांच्यापेक्षा वाशीला कितीतरी जवळ. राजनाल्याच्या पाण्यावर, म्हणजे टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर, कर्जतकडे उन्हाळी भात होतं. भाजीही होऊ शकते. अडचण अशी की एकेकाकडे दोन पोती भेंडी, तीही वेगवेगळ्या दिवशी. ट्रक भरत नाही. घाटावरचा शेतकरी आपल्याहून हुशार आहे असं नाही. त्याच्या गावात एका दिवशी ट्रकभर माल निघतो.

भेंडी थांबू शकत नाही. भात थांबू शकतं, आणि हीच भातकऱ्याची खरी ताकद आहे. पण त्याला एक अट आहे. भात वाळलेलं पाहिजे.

खळ्यावरचं काम

कर्जतच्या भात संशोधन केंद्राला १९१९ पासून शंभराहून अधिक वर्षं झाली. तिथून निघालेले कर्जत नावाचे वाण आपण लावतो. वाण चांगला, खत वेळेवर, आणि शेवटी कापणीनंतर ओलं भात दोन दिवसांत विकून मोकळं व्हायचं, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. सोसायटीचं देणं असतं, दिवाळी तोंडावर असते, ठेवायला जागा नसते. पनवेलच्या बंदरावर निकडीपोटी गोणी विकणाऱ्यात आणि यात फारसं अंतर नाही.

ओलाव्याचा हिशेब एकदा करून ठेवा. २२ टक्के ओलाव्याचं १०० किलो भात वाळवून १७ टक्क्यांवर आणलं, तर वजन सुमारे ९४ किलो भरतं. १४ टक्क्यांवर आणलं, तर सुमारे ९१ किलो. ही घट घेणाऱ्याला पाठ असते. म्हणून ओल्या भाताला तो कट्टी लावतो, आणि अंदाजानं लावलेली कट्टी सहसा आपल्या बाजूनं चुकत नाही. आधारभूत किंमत खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. त्याहून जास्त असेल, तर गाडी परत. म्हणजे पुन्हा भाडं, पुन्हा चढ-उतार. साठवायचं असेल, तर १४ टक्क्यांच्या खाली आणा, नाहीतर कणगीत भात तापतं आणि कीड लागते.

केंद्रावर नाव नोंदवायला सातबारावर भाताची पीकनोंद लागते. ती पीकपाहणी वेळेत झाली की नाही, हे पीक शेतात उभं असतानाच पाहा. खळ्यावर आल्यावर तलाठ्याकडे धावून उपयोग होत नाही. पैसे बँकखात्यात येतात, त्यामुळे खातं चालू आहे ना, तेही बघून ठेवा. वाळवताना भात ताडपत्रीवर पातळ पसरा, दिवसातून तीन-चारदा हात फिरवा, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाका. फार कडक उन्हात एकदम वाळवलं, तर तांदूळ भरडताना कणी जास्त पडते, म्हणून दुपारी रास थोडी जाड ठेवावी. पोळ आणि माती वाऱ्यावर काढून टाका. कचऱ्याचं भाडं भरून तो केंद्रावर न्यायचं कारण नाही.

ओलावा मोजायचं यंत्र केंद्रावर असतं. गाडी भरण्याआधी मूठभर नमुना घेऊन एक माणूस पुढं पाठवा आणि मोजून आणा. तेवढीही सोय नसेल, तर जुनी खूण आहेच: दाणा दाताखाली धरा. दबला, तर अजून दोन उन्हं द्या. कट्‌ वाजून तुटला, तर पोती शिवायला घ्या.